पुसणारा हात

मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनाचं एचिंग प्रदर्शनात पाहिलं आणि घुमटाखालच्या कमानींतल्या काळोखापाशी अडकलो. शाई कागदावर चक्क उभी होती, बोट फिरवलं तर हाताला लागेल अशी. ती तिथे येते कशी, हे बघायला त्या चित्राच्या छापखान्यात गेलो.

झिंकच्या पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर, त्यावर सुईनं रेखाटन, मग नायट्रिक अ‍ॅसिड. घशात खवखव सुरू झाली. घुमटावरच्या बारीक रेघा दोन मिनिटांनी वॉर्निशनं झाकल्या. कमानींतली सावली मात्र अ‍ॅसिडला खाऊ द्यायची. "२० मिनिटं," छापणारे काका म्हणाले आणि रेघांवरचे बुडबुडे पिसानं सारत राहिले.

खरं बघण्यासारखं काम पुढे आहे. पत्रा शाईनं माखायचा, जाळीदार कापडानं पुसायचा आणि शेवटी तळहाताला खडू लावून नुसत्या हातानं. आकाशावरून काकांचा हात सपासप फिरला. कमानींपाशी येताच मनगट किंचित उचललं गेलं. तिथे शाईचा पदर राहिला. म्हणजे तो काळोख निम्मा २० मिनिटांचा, निम्मा या मनगटाचा.

चित्रकार व्हिस्लर १८७९मध्ये व्हेनिसला गेला तेव्हा त्यानं रेघा मोजक्याच ओढल्या आणि रात्र पत्र्यावर शाई राखून उभी केली. समोर दिसलं ते थेट पत्र्यावर काढल्यामुळे छापात त्याचं व्हेनिस डावं-उजवं उलटं उमटतं. त्याची त्याला फिकीर नव्हती. पण पुसायचं काम तो स्वतः करायचा. इथे ते काकांकडे, आणि कागदाखाली पेन्सिलीनं सही चित्रकाराची. काही परदेशी छापखाने प्रतीवर निदान आपला उठावाचा शिक्का मारतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "ती २० मिनिटं चित्रकाराची. आपण पुसतो."

स्टेशनाचंही तेच. १८७८ ते १८८८ एवढा काळ ते उभं राहत होतं. नाव घेतलं जातं वास्तुकार स्टीव्हन्सचं. दगडातली पानं, पक्षी, प्राणी यांच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात होते, हे किती जणांना ठाऊक असतं?

ओलसर कागद, वर फेल्ट, प्रेसचं चाक फिरलं. दुसऱ्या प्रतीत कमानी जरा जास्तच गडद आल्या. काकांनी ती बाजूला टाकली; आवृत्तीतल्या सगळ्या प्रती सारख्या लागतात. मला विचाराल तर तीच जास्त चांगली होती.