घाट चढताना घाम, उतरताना हुडहुडी

रायपूर तसं सपाट शहर. इथल्या सायकलस्वारांना चढाची हौस भागवायची तर राष्ट्रीय महामार्ग 30 धरून लांब जावं लागतं. दक्षिणेला कांकेरच्या पुढे बारा वळणांचा केशकाल घाट आहे. उत्तरेला कवर्ध्याच्या पुढे, मैकल डोंगररांगेत चिल्फी घाट. कडाक्याच्या थंडीत चिल्फीला गवतावरचं दवही गोठतं.

अशा थंडीत क्लबसोबत घाट चढायचा असेल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या.

सपाट रस्त्यावर पुढच्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो, दम वाचतो. म्हणून सगळे आळीपाळीने पुढे येतात. घाटात मात्र वेग इतका कमी होतो की हा आडोसा फारसा कामाला येत नाही. ज्याचा त्याचा दम, ज्याची त्याची चाल. ग्रुप पांगतो. म्हणून माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं असतं.

थंडीत खरी गडबड इथेच होते. पहिले आलेले घामाने भिजलेले असतात. फोटो काढेपर्यंत घाम गार होतो आणि हुडहुडी भरते. मग शेवटचा गडी पोचताच सगळे म्हणतात, ‘चला!’ ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही.

आणि पुढे उतार. हवा 10 अंश असली आणि वेग ताशी 40 किलोमीटर असला, तर अंगाला ती 6 अंशांसारखी झोंबते. बोटं बधिर होतात, ब्रेक नीट दाबता येत नाही. समोरून ट्रक येत असतात.

उपाय साधे आहेत. माथ्यावर पोचताच आधी जॅकेट घाला, फोटो नंतर. जॅकेट नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवा; टूर द फ्रान्सचे सायकलपटूही पूर्वी हेच करत. पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच. उतरताना अंतर ठेवा, वेग वळणाआधीच कमी करा.

शेवटी येणाऱ्यालाही दहा मिनिटं आणि गरम चहा मिळू द्या. त्याच्या सोबतीला एक अनुभवी सायकलस्वार ठेवा. तो कोण, हे मात्र निघण्याआधीच ठरवा.