दिवसा रात्र, रात्री दिवस!

भर दुपारी आत शिरलात तर डोक्यावर चांदण्या, आणि रात्री गेलात तर लख्ख उजेड! अशी इमारत असते का कुठे? एका माणसाने ती १७८४ साली पॅरिसमध्ये काढली होती. काढली म्हणजे कागदावर, शाईने. त्याचं नाव एतिएन-लुई बुले. त्याला खरं तर व्हायचं होतं चित्रकार, पण वडिलांनी घरं-महाल बांधण्याच्या विद्येकडे वळवलं.

फ्रान्समधल्या श्रीमंतांचे महाल तेव्हा आतून शिंपले, वेलबुट्ट्या आणि सोनेरी नक्षीने मढवलेले असायचे. बुलेच्या पिढीला त्याचा कंटाळा आला. जुन्या ग्रीक-रोमन इमारतींचा साधेपणा त्यांना हवाहवासा वाटू लागला. बुलेचा सर्वांत लाडका आकार होता गोल. ती कागदावरची इमारत म्हणजे शास्त्रज्ञ न्यूटनचं स्मारक, म्हणून त्यासाठी त्याने अख्खा चेंडूच योजला, सुमारे १५० मीटर व्यासाचा. इजिप्तचा मोठा पिरॅमिड नवा होता तेव्हाही १४६ मीटरच उंच होता! चित्रात पायऱ्यांपाशी बारीक ठिपके दिसतात. नीट पाहा, ती माणसं आहेत. आणि भोवती कड्यांसारख्या रांगांमध्ये लावलेली ती झाडं सुरूची.

न्यूटनला गोलच का? ग्रह गोल असतात ते गुरुत्वाकर्षणामुळे. ते सगळं काही मध्याकडे ओढत राहतं. ते कोडं न्यूटननेच तर उलगडलं होतं.

आता आत चला. एक लांबट, अंधारा बोगदा आणि मग एकदम प्रचंड पोकळी. कोपरा नाही, खांब नाही, खिडकी नाही. समोर फक्त न्यूटनच्या नावाची दगडी शवपेटी. आणि वर तारे! बुलेने घुमटाला आरपार छिद्रं ठेवली होती, नरसाळ्याच्या आकाराची. बाहेरचा दिवसाचा उजेड त्यांतून आत डोकावणार. काळ्याकुट्ट अंधारात डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात, त्यामुळे एवढासा उजेडही चमकतो. कौलाच्या फटीतून आलेला कवडसा अंधाऱ्या खोलीत कसा झळकतो, तसंच. छिद्रं कुठे पाडायची तेही ठरलेलं होतं: आकाशात तारे जिथे दिसतात, तिथेच.

मग रात्री? बाहेर उजेड नाही, म्हणजे तारे गायब. तेव्हा गोलाच्या मधोमध एक झगमगता दिवा लटकणार, त्याच्याभोवती ग्रहांच्या वाटा दाखवणारी कडी. आत रात्रीचा दिवस! मला तर ही युक्ती त्या आकारापेक्षाही भारी वाटते.

पण हे बांधणार कसं? दगडविटांचा घुमट आपल्याच वजनाने खालच्या कडेला बाहेर ढकलतो. घुमट जितका मोठा, तितका तो रेटाही मोठा. रोमचा प्रसिद्ध पँथिऑन घुमट आहे सुमारे ४३ मीटर रुंद. बुलेला त्याच्या तिपटीहून मोठा हवा होता, आणि पोलादी सांगाडे तेव्हा नव्हते. शिवाय राजाच्या तिजोरीत खडखडाट होता. पाच वर्षांनी, १७८९ मध्ये, राज्यक्रांतीच झाली. बुले १७९९ मध्ये वारला. आपली चित्रं त्याने देशाला देऊन टाकली होती. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

पुढे १९२३ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या संग्रहालयात कृत्रिम आकाश दाखवणारं यंत्र आलं. तारांगणात आपण तसंच यंत्र पाहतो. त्याची रीत मात्र बुलेच्या युक्तीच्या बरोबर उलटी आहे: दिवा मधोमध, आणि तारे आतून घुमटावर पडतात!