टँकरचे पोट आणि टँकरची टाकी

परंडा तालुक्यातले सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. चैत्रात यात्रेला गाड्यांची रीघ लागते आणि कारखान्याचा हंगाम लागला की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. या गाड्यांच्या तेलासाठी जवळचा मोठा डेपो सोलापूरजवळच्या पाकणीचा. हिंदुस्थान पेट्रोलियमची सुमारे 500 किलोमीटरची पाइपलाइन मुंबईहून लोणीमार्गे तिथे पोचते. पुढचा प्रवास टँकरचा. दुसऱ्यांच्या गाड्या चालाव्यात म्हणून धावणारा हा टँकर स्वतःचे डिझेल कुठे भरतो?

पंपावर. नोझल लावून, मीटर बघून, पैसे मोजून, कुठल्याही मालट्रकसारखे.

टँकरचे पोट आणि टँकरची टाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाची टाकी चासीच्या कडेला, दोन-चारशे लिटरांची. मागचे पोट 12,000 किंवा 20,000 लिटरांचे, आत कप्पे पाडलेले. एकात पेट्रोल, दुसऱ्यात डिझेल असेही असते. त्या कप्प्यांतून इंजिनाकडे जाणारी नळीच नसते. वरची झाकणे आणि खालचे व्हॉल्व्ह डेपोतच सील किंवा कुलूपबंद होतात. मळणीच्या खळ्यावर बैलांच्या तोंडाला मुसकी बांधतात, तशी ही व्यवस्था.

एवढा बंदोबस्त कशासाठी, हे हिशेब मांडला की कळते. जाऊन-येऊन 200 किलोमीटरची खेप आणि लिटरला 4 किलोमीटरचा ॲव्हरेज धरला, तर गाडीला 50 लिटर डिझेल लागेल. आता दुसरी बाजू बघा. डिझेलचे तापमान एका अंशाने उतरले की ते साधारण 0.08 टक्के आकसते. म्हणजे 12,000 लिटर डिझेल 5 अंशांनी थंड झाले, तर थेंबही न सांडता 48 लिटर कमी भरते. हिवाळ्याच्या रात्री नैसर्गिक घट आणि गाडीची भूक जवळपास सारखीच होऊ शकते. पोटातले डिझेल इंजिनाला देण्याची मुभा असती, तर घट थंडीने आली की चालकाने केली, हे कोणालाच सांगता आले नसते. प्रामाणिक चालकाचे सर्वांत मोठे संरक्षण माझ्या मते त्या सीलमध्येच आहे.

म्हणून पंपावर टँकर खाली करण्याआधीची तपासणी नीट पाहावी अशी असते. गाडी सपाट जागी उभी राहते, इंजिन बंद होते, चाकांना उट्या लागतात. अर्थिंगची तार जोडली जाते, कारण तेल वाहताना साचणारी स्थिर वीज एका ठिणगीत सारे पेटवू शकते. तेल निवळले की सील तपासून झाकण उघडतात आणि डीप मारतात. पितळी दांडीवरची ओली खूण वैधमापनशास्त्र विभागाच्या प्रमाणपत्रातल्या मापाशी ताडून पाहायची. मग काचेच्या उंच भांड्यात नमुना घेऊन त्यात हायड्रोमीटर आणि तापमापक सोडतात. मिळालेली घनता तक्त्यावरून 15 अंश सेल्सिअसला आणायची आणि चलनावरच्या आकड्याशी जुळवायची. घनमीटरमागे 3 किलोपेक्षा जास्त फरक निघाला तर माल उतरवून घ्यायचा नाही. हे सारे जुळले तरच पाइप जोडतात, आणि तेल स्वतःच्या वजनाने जमिनीखालच्या टाकीत उतरते.

स्वतःच्या डिझेलचा हिशेब वाहतूकदाराकडे वेगळा असतो. कंपनी भाडे देते ते किलोलिटर आणि किलोमीटर यांवर. त्यातूनच गाडीचे डिझेल भागवायचे. कुणाचे ठरलेल्या पंपावर खाते असते, कुणी चालकाला ड्राइव्हट्रॅक किंवा एक्स्ट्रापॉवरसारखे इंधनाचे कार्ड देतो. चालकाला ॲव्हरेज बांधून दिलेला असतो. घाट, खराब रस्ता, डेपोच्या रांगेत मुंगीच्या पावलाने सरकणारी गाडी, यांत तो ॲव्हरेज बिघडतो आणि वरचे डिझेल चालकाच्या अंगावर पडू शकते. पोटातल्या तेलाच्या थेंबाथेंबाला दांडी आहे, तक्ता आहे, प्रमाणपत्र आहे. चालकाच्या या खर्चाला तसे माप नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना डिझेलबरोबर धूर स्वच्छ करणारे डीईएफ हे द्रवही लागते, चालकांच्या भाषेत 'युरिया'. तो संपत आला की इंजिनाची ताकद उतरते, तेव्हा तोही वाटेत कुठे मिळेल हे बघून ठेवावे लागते. पोट आणि टाकी वेगळी, हे साखर कारखान्यांतून डेपोकडे इथेनॉल नेणाऱ्या टँकरमध्ये आणखी स्पष्ट दिसते. त्याच्या पोटात पेट्रोलमध्ये मिसळायचे इंधन भरलेले असते, पण त्याचे डिझेल इंजिन त्यावर चालतच नाही.

पुण्यात 2018 मध्ये इंडियन ऑइलने डिझेल दारापर्यंत पोचवणारी गाडी सुरू केली. पोटातले डिझेल थेट ग्राहकाला देणाऱ्या या गाडीवरही पंपासारखेच मीटर आणि नोझल बसवलेले असते. खेड्यापाड्यांत अनेक पंपमालकांचे स्वतःचे टँकर असतात. तिथे गाडी, पंप आणि जमिनीखालचे डिझेल एकाच मालकाचे असते. तरीही टँकर खाली झाला की तो नोझलपाशी जातो, मीटर शून्यावर येते, टाकी भरते, आणि तेवढे लिटर विक्रीच्या वहीत चढतात.