‘मानवी चूक’, पण नेमकी कोणती?

कारखान्यात अपघात झाला की चौकशी अहवालात दोन शब्द हमखास येतात : मानवी चूक. मग कामगाराला मेमो, बाकीच्यांना तासभर प्रशिक्षण, आणि फाईल बंद. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी याच दोन शब्दांची फोड केली. हात चुकणं, विसरणं, समज चुकणं आणि नियम जाणूनबुजून मोडणं ही चार वेगळी दुखणी आहेत. सगळ्यांना प्रशिक्षणाची एकच गोळी लागू पडत नाही.

हात चुकतो तो बहुधा कसलेल्या माणसाचाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 विमानांचे वैमानिक धावपट्टीवर उतरल्यावर फ्लॅप्स (पंखांच्या हलत्या पट्ट्या) ऐवजी चाकंच आत घेत. दोन्हींचे खटके जवळजवळ आणि सारखेच. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं, फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला. वैमानिकांना भाषण द्यावंच लागलं नाही.

विसरण्याबद्दल फार सांगायला नको. थकल्यावर कोणीही विसरतं; हाताशी कामाची यादी हवी.

समज चुकते तेव्हा माणूस विचार करूनच चुकतो. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. काम अर्धवट राहिलं आणि ती गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने हा सुरू केला. त्यांना जेवढं ठाऊक होतं त्यावरून निर्णय बरोबरच होता. व्हॉल्व्हच्या जागी लावलेल्या झाकणातून वायू गळला, स्फोट झाला, 167 माणसं गेली.

चौथ्या प्रकाराला आपल्याकडे सरसकट बेशिस्त म्हणतात. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती दोन्ही हात डायपासून लांब राहावेत म्हणून. पण तासाचे नग भरायचे असतात. मग जुन्या प्रेसवर एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं जातं. मोकळ्या हाताने पत्रा भराभर सरकवता येतो. सुपरवायझर जाता-येता बघतो आणि काही बोलत नाही. बोट गेलं की तोच जबाब देतो, ‘नियम माहीत असून मोडला.’ खोटं नाही ते. पण नग मोजणाऱ्यांनी तो नियम कधीच मोडीत काढलेला असतो.

तेव्हा सेफ्टी ऑफिसर साहेब, पुढच्या अहवालावर सही करण्याआधी विचारा : चारांपैकी चूक कोणती, आणि त्या पाळीला नगांचं टार्गेट किती होतं? उत्तरं मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या.