१४,७६० कोटींची वीज, बिनभावाचे पाणी

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शेतीपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचा वार्षिक खर्च १४,७६० कोटी रुपये धरला. त्याआधी शेतीच्या वीजदर सवलतीपोटी सरकार वर्षाला ६,९८५ कोटी सोसत होते. एका निर्णयाने ७,७७५ कोटींची, म्हणजे १११ टक्क्यांची भर पडली. योजना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी आहे. खर्च याच पातळीवर राहिला, तरी पाच वर्षांत ७३,८०० कोटी होतात.

राज्यात तेव्हा शेतीपंपांचे ग्राहक ४७.४१ लाख होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे, म्हणजे लाभार्थी, ४४.०३ लाख: ९३ टक्के. प्रत्येकी सरासरी वाटा वर्षाला सुमारे ३३,५०० रुपये. एकूण वीजग्राहकांत शेतीपंप १६ टक्के, विजेच्या वापरात मात्र ३० टक्के. वर्षाला ३९,२४६ दशलक्ष युनिट, म्हणजे पंपामागे सुमारे ८,२८० युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप धरला, तर तो वर्षाचे ३६५ दिवस रोज सहा तास चालतो. हा हिशोबही काटेकोर नाही: अनेक पंपांना मीटर नाही, त्यांचा वापर अंदाजाने ठरतो.

पंपाने किती वीज ओढली याचा निदान अंदाज होतो. किती पाणी ओढले, हे कोणी मोजत नाही. विहिरीच्या पाण्याला भाव कधीच नव्हता. उपशावर जी थोडी किंमत होती, ती विजेच्या बिलात होती. बिल शून्य झाल्यावर उरलेला एकच लगाम म्हणजे वीजपुरवठ्याचे तास: दिवसा आठ किंवा रात्री आठ ते दहा, आळीपाळीने. या लगामावर शेतकऱ्यांचा तोडगा जुना आहे, ऑटोस्विच. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, रानाला पाण्याची गरज असो वा नसो.

आता जमिनीखालचा हिशोब. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनात महाराष्ट्राचे उपसण्याजोगे भूजल वर्षाला ३०.९५ अब्ज घनमीटर होते, उपसा १६.६६ अब्ज घनमीटर. हा उपसा ५८८ टीएमसी (अब्ज घनफूट) भरतो. म्हणजे साडेपाच कोयना धरणे. तरीही उपशाचे प्रमाण ५४ टक्केच. त्याच वर्षी देशाचे प्रमाण ५९.२६ टक्के होते आणि पंजाबचे १६४. पुढच्या वर्षी देशाचे ६०.४७ टक्क्यांवर गेले. २०२४ मध्ये देशाने २४५.६४ अब्ज घनमीटर भूजल उपसले, आदल्या वर्षापेक्षा १.८ टक्के जास्त. त्यातले ८७ टक्के सिंचनासाठी, २ टक्के उद्योगासाठी.

राज्याचे ५४ टक्के निर्धास्त करणारे वाटतात. पण ही सरासरी आहे, आणि भूजलाची सरासरी कोणाच्याही विहिरीत उतरत नाही. राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्टचा. या खडकात पाणी भेगांत आणि मुरमाच्या थरात साठते, लांब वाहत नाही. गडचिरोलीत न उपसलेले पाणी वरुडच्या संत्र्याला मिळत नाही. म्हणून सुरक्षित राज्यातही केळीचे रावेर आणि यावल, संत्र्याचे वरुड आणि मोर्शी हे तालुके अतिशोषितांच्या, म्हणजे शंभर टक्क्यांहून जास्त उपशाच्या, यादीत येत राहिले.

कायदा याच ठिकाणी दोन दिशांना ओढतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. २०१४ पासून लागू झालेला राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ देत नाही. हक्क एकेकट्याचा, पाणी सामाईक. एका भूजलसाठ्यावर दहा सारख्या विहिरी आहेत असे धरा. एकाने एक लाख लिटर वाचवले, तर त्याच्या वाट्याला दहा हजार येतात. नव्वद हजार शेजारी उपसतात. बिल होते तेव्हा मीटर असलेल्या बचत करणाऱ्याच्या पदरात निदान विजेचे पैसे पडत. आता तेही नाहीत.

नियम गावाने केला तर आकडे बदलतात, याचे दोन दाखले राज्यातच आहेत. सरासरी ४०० मिलिमीटर पावसाच्या हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअरवेल आणि उसासारखी पिके बंद केली. पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी पिण्याचे पाणी राखायचे, मग पिके ठरवायची. तिथे विहिरी ९७ वरून २१७ झाल्या. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात पाणी माणशी वाटले: डोई अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. हक्क जमिनीला चिकटलेला नव्हता. भूमिहीनालाही वाटा होता. मोफत विजेत मात्र वाटा पंपाला मिळतो. ज्याच्याकडे पंप नाही, त्याचा वाटा शून्य.

शेवटची तुलना. गावांनी पाण्याचे अंदाजपत्रक मांडावे आणि मागणी कमी करावी यासाठी केंद्राने २०२० पासून अटल भूजल योजना राबवली: सात राज्ये, ८,२२० ग्रामपंचायती, पाच वर्षे, एकूण ६,००० कोटी. म्हणजे वर्षाला सरासरी १,२०० कोटी. एकट्या महाराष्ट्राचा पंपांच्या विजेवरचा खर्च त्याच्या बारा पटींहून जास्त आहे. अटल भूजलमधला काही निधी तरी भूजल पातळीची घसरण किती आवरली याच्याशी बांधलेला होता. १४,७६० कोटींत अशी अट एका रुपयालाही नाही.