वाहनांच्या इंजिनातील काजळी : कारणे आणि काळजी

ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका कित्येक दिवस केवळ दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या करीत असते. लसींचे खोके उपकेंद्रावर पोहोचवावयाचे, एखादी परिचारिका वाडीवर सोडावयाची आणि परत यावयाचे. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच ते बंद केले जाते. नोंदवहीत किलोमीटर थोडे दिसतात; त्यावरून गाडी फारशी वापरलेली नाही, म्हणजे ती सुस्थितीत असणार, असा समज होतो. हा समज खरा नाही. इंजिनात काजळी साचावयास असा तुटक वापर जितका कारणीभूत होतो, तितका लांबचा प्रवास होत नाही. आणि एखाद्या रात्री अडलेल्या बाळंतिणीला घेऊन घाट चढण्याची वेळ येते, त्याच वेळी गाडी ओढेनाशी होते.

पेट्रोल आणि डिझेल ही कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांची मिश्रणे होत. त्यांचे ज्वलन पूर्ण झाले तर मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा अपुरी पडली, इंजिन थंड असले किंवा इंजेक्टरमधून इंधनाचा फवारा बारीक पडण्याऐवजी थेंब पडू लागले, की ज्वलन अर्धवट राहते. कंदिलाची वात प्रमाणाबाहेर वर केली असता काच काळवंडते, तसाच हा प्रकार. इंजिनात मात्र या काजळीला वंगण तेलाची वाफ येऊन मिळते आणि दोहोंचा चिकट, पुढे दगडासारखा घट्ट होणारा थर पिस्टनच्या माथ्यावर, झडपांवर व नळ्यांत बसतो. पेट्रोल इंजिनात हा थर तापून लाल झाला, तर ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात.

हा त्रास जुनाच आहे. टू-स्ट्रोक स्कूटरचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रस्त्याच्या कडेला प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारे स्कूटरस्वार आठवतील. त्या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. तेल जरा अधिक पडले, की प्लग आणि सायलेन्सर दोन्ही काजळीने भरत. मोटारींच्या इंजिनाचे हेड उतरवून कार्बन खरवडणे हेही गॅरेजमधील नित्याचेच काम होते.

आजच्या इंजिनात खरवडण्याची वेळ क्वचित येते, परंतु काजळीने जागा बदलली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही प्रदूषण-मानके लागू झाली. डिझेल वाहनांत धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर ही व्यवस्था असते. तिच्यामुळे नायट्रोजनची विषारी ऑक्साइड्स कमी होतात, पण तिची झडप आणि हवेची नळी काजळीने अरुंद होत जाते. धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची सच्छिद्र सिरॅमिकची गाळणीही बसविलेली असते. धुरातील काजळी ती अडवून धरते आणि साठा वाढला की ती आतल्या आत जाळून टाकते. त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती निर्माण करण्यासाठी इंजिनाचा संगणक आपण होऊन थोडे जादा डिझेल सोडतो. हे काम पुरे होण्यास गाडी काही वेळ सलग व बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. दोन किलोमीटरवर इंजिन बंद झाले, तर काम अर्धवट राहते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या तेलात उतरते आणि तेल पातळ होते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर ते चांगले लक्षण नव्हे, हे चालकांना आवर्जून सांगितले पाहिजे.

गाळणी भरत आल्याची सूचना देणारा दिवा डॅशबोर्डवर लागतो. त्या अवस्थेत वाहनाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालविली, की बहुधा प्रश्न मिटतो. दिव्याकडे दुर्लक्ष झाले, तर संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो आणि पुढचे काम कार्यशाळेचे होते. गाळणीच काढून टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मानू नये. वाहन ज्या मानकाखाली नोंदले गेले, ते मानकच मग त्याला लागू पडत नाही.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. अधिकारी बैठकीत असताना वातानुकूलनासाठी तासभर इंजिन चालू ठेवण्याची प्रथा अनेक कार्यालयांत आहे. इंधनाचा अपव्यय तर होतोच, पण मंद चालणारे इंजिन पुरेसे तापत नसल्याने काजळीही वाढते. सकाळी गाडी उभी ठेवून तापविण्याचीही आता गरज नाही. सावकाश चालविल्याने ती लवकर तापते. छोट्या फेऱ्या एकत्र करून आठवड्यातून एखादी लांबची फेरी त्याच वाहनाला द्यावी. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यांवर लवकर बदलावा. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचे, पुस्तिकेत नमूद केलेलेच तेल घालावे, कारण तेलाची राख गाळणीत जळत नाही, ती तशीच साचत जाते. पेट्रोलमध्ये भेसळीचा संशय आल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. शुद्ध पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो.

सफाईच्या बाबतीत मात्र जाहिरातींवर विसंबू नये. टाकीत ओतावयाची औषधे इंजेक्टरवरील हलका थर काढू शकतात. परंतु थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नव्या इंजिनांत ते झडपांच्या पाठीवरून वाहतच नाही. तेथे औषधाचा काय उपयोग? अशा झडपांसाठी अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारण्याची पद्धत आहे. तो धातूला ओरखडा न पाडता थर उडवितो. ईजीआरची झडप उतरवून योग्य द्रावणाने धुता येते. ती बसविताना नवे गॅस्केट घालावे आणि संगणकातील जुनी त्रुटी पुसून घ्यावी. अन्यथा सफाई होऊनही दिवा तसाच पेटलेला राहू शकतो.