न्हाणीघरातील पंखा आणि विजेची जयणा

पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंती ओल धरतात आणि कोपऱ्यांतून बुरशी वाढू लागते. वाढलेली बुरशी घासून काढण्यात जीवहिंसा आहे. ती वाढूच न देणे ही खरी जयणा. म्हणून श्रावकाच्या घरी एक्झॉस्ट फॅन ही केवळ सोयीची वस्तू नव्हे. तो बसविताना मात्र माणसाच्या जिवाचीही तितकीच जयणा राखावी लागते; कारण घरातील पुरवठा 230 व्होल्टचा असतो आणि ओल्या त्वचेतून वीज सहज वाहते.

जोडणी तशी साधी आहे. फेजची तार बटणातून पंख्याकडे जाते, न्यूट्रल थेट जाते आणि धातूच्या सांगाड्याला हिरवी अर्थिंगची तार जोडतात. बटण न्हाणीघराबाहेर असावे. ते चुकून न्यूट्रलवर बसले तरी पंखा नेहमीप्रमाणेच चालतो व थांबतो. परंतु थांबलेल्या पंख्याच्या तारांत फेज कायम राहते. पुढे दुरुस्तीसाठी हात घालणाऱ्याला ही चूक भोवते.

मुख्य स्विच बंद केला की भीती संपली, हा समजही अपुरा आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर वीज गेली असे धरून तो आपणहून पुरवठा सुरू करतो. म्हणून तोही बंद करावा आणि फलकापाशी कोणी हात लावणार नाही अशी व्यवस्था करावी. जुन्या घरांत तारांच्या रंगांवरही विसंबू नये. काळी तार न्यूट्रलच असेल असे नाही.

यानंतरही तार मृत असल्याची खात्री मोजूनच करावी. लाकडी स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील टेस्टर मंद पेटतो आणि भर उजेडात तेवढी चमक दिसतही नाही. न पेटलेला टेस्टर हा पुरावा नव्हे. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, पुरवठा तोडण्यापूर्वी चालू सॉकेटवर पारखावा. मग पंख्याच्या जागी फेज व न्यूट्रल, फेज व अर्थिंग, न्यूट्रल व अर्थिंग अशा तिन्ही जोड्या मोजाव्यात. अखेरीस जिन्यातील किंवा दुकानातील, वेगळ्या मीटरवरच्या चालू सॉकेटवर तो पुन्हा पारखावा. मोजणी चालू असतानाच मीटर बिघडला असेल तर ते येथे उघड होते.

फलकात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे आवश्यकच. तथापि एकाच वेळी फेज व न्यूट्रल दोन्हींना स्पर्श झाल्यास तो वाचवीलच असे नाही. पंख्याच्या बाहेरच्या तोंडाला जाळी बसवावी आणि आत पक्ष्याचे घरटे नाही ना, हे पाहूनच तो सुरू करावा.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरधन्याने मात्र शेजारी उभे राहून प्रत्येक मोजणी पाहावी. वहीतील शिल्लक बरोबर दिसली तरी गल्ल्यातील रोकड मोजल्याशिवाय रोजमेळ मिटवू नये, ही शिस्त व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तारेला हात लावण्यापूर्वीही तीच शिस्त पाळावी.